धुक्यातले फोटो दुधाळ येतायत? दोष काचेचा, हवेचा की कॅमेऱ्याचा, ते आधी ठरवा

जूनचा पहिला पाऊस झाला की कोल्हापूर परिसरात प्राण्या-पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची एक तक्रार सुरू होते आणि दिवाळी उलटली की तीच पुन्हा ऐकू येते. दाजीपूरहून आलेला सांगतो, गवा समोर उभा होता, डोळ्यांना नीट दिसत होता, फोटोत मात्र राखाडी ढिगारा आला. पन्हाळ्यावर मोरासाठी गेलेला म्हणतो, कॅमेरा फोकसच धरेना, नुसता पुढे-मागे घरघरत राहिला. पंचगंगेच्या काठावर बगळ्यांसाठी बसणाऱ्याच्या फोटोत सगळं पांढरं, त्यात बगळा कुठंय ते शोधावं लागतं. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. लेन्स बदल, फिल्टर लाव, घरी जाऊन डीहेझ (फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधली धुरकटपणा कमी करणारी पट्टी) ओढ. यातला एखादा सल्ला एखाद्या दुखण्यावर लागूही पडतो, पण समोरच्याला नेमकं तेच दुखणं आहे का, हे कुणी विचारत नाही.

धुक्यातला फोटो दुधाळ येण्याची कारणं तीन आहेत आणि तिन्ही एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत. एक, काचेवर बाष्प धरलंय. दोन, तुमच्या आणि प्राण्याच्या मधली हवाच दाट आहे. तीन, धुक्याचा पांढरेपणा पाहून कॅमेऱ्याने उजेडाचा चुकीचा हिशेब केलाय. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, पण एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी निदान आणि तेही जागेवर, घरी आल्यावर नाही.

जागेवरची तपासणी

गाडीतून उतरलात की प्राणी शोधायच्या आधी तीन-चार मीटरवरची एखादी काळी वस्तू गाठा. गाडीचं टायर सगळ्यात सोयीचं, नाहीतर पावसाने भिजलेलं जांभळाचं खोड. तिचा एक फोटो काढा आणि पडद्यावर पूर्ण मोठा करून बघा. इतक्या जवळच्या वस्तूच्या आड हवेतलं धुकं फारसं येत नाही. टायर काळं कुळकुळीत दिसलं, रबरावरच्या खाचा, त्यात अडकलेले खडे स्पष्ट आले, तर काच स्वच्छ आहे. तेच टायर धुरकट आलं, उजळ कडांच्या भोवती हलका उजेड फाकलेला दिसला, तर दोष काचेवर आहे. मग त्या क्षणी सेटिंग कितीही फिरवा, हाती काही लागणार नाही.

काच ठीक निघाली तर दुसरा फोटो साठ-सत्तर मीटरवरच्या झाडाचा काढा आणि या वेळी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत डावीकडे किती काळं आणि उजवीकडे किती पांढरं आहे ते दाखवणारा आलेख, बघा. आलेखाचा ढीग मधोमध किंवा डावीकडे साचलाय का? तर कॅमेऱ्याने धुकं काळवंडवलंय, हे तिसरं कारण. ढीग मध्याच्या उजवीकडे नीट बसलाय, तरीही झाड फिकंच आहे? तर राहिली ती हवा. एवढंच करायचं आहे, मिनिटभराचं काम आहे. पुढचा सगळा दिवस यावर ठरतो.

काचेवर बाष्प धरलं असेल तर

आपल्याकडे सर्वाधिक फोटो याच कारणाने वाया जातात आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगं कारणही हेच आहे.

हवेत जितकी वाफ मावू शकते ती तापमानावर ठरते. ज्या तापमानाला हवा आपली वाफ सोडायला लागते तो दवबिंदू. एखादी काच त्याच्यापेक्षा थंड असेल तर तिच्यावर पाणी धरणारच. जूनमध्ये राधानगरीत हवा २४ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असेल तर दवबिंदू २३ अंशांच्या आसपास येतो. आता कोल्हापुरातून निघताना गाडीत एसी लावलेला, कॅमेऱ्याची बॅग मागच्या सीटवर, लेन्स २० अंशांवर आलेली. दार उघडून कॅमेरा बाहेर काढला की दहा सेकंदांत समोरची काच पांढरी. इथे धुक्याचा काही संबंध नाही. लख्ख ऊन असतं तरी हेच झालं असतं.

उपाय साधा आहे. बॅग मागच्या सीटवर न ठेवता डिकीत ठेवा, तिथे एसीचा गारवा कमी पोचतो. राधानगरी जवळ आलं की एसी बंद करून काचा खाली करा. उतरल्यावर बॅगेची चेन लगेच उघडू नका, पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या. मोठी लेन्स असेल तर जास्त वेळ लागतो, कारण तिच्यातली काच आणि धातू दोन्ही हळूहळू तापतात. मुक्काम करणाऱ्यांनी रात्री एसीच्या खोलीत कॅमेरा ठेवूच नये, पहाटे बाहेर पडायच्या तासभर आधी बॅग व्हरांड्यात ठेवावी.

हिवाळ्यात हेच गणित उलटं चालतं आणि तिथे लोक फसतात. डिसेंबरच्या पहाटे नदीकाठी १३ अंशांत तीन तास बसलेला कॅमेरा घेऊन तुम्ही घरी येता. स्वयंपाकघरात चहा उकळतोय, भात शिजतोय, घरातली हवा २४ अंश, आर्द्रता ६० टक्के. दवबिंदू होतो साधारण १६. तुमचा कॅमेरा अजून १३ वर आहे. फोटो बघायच्या घाईने तो बॅगेतून काढलात की बाहेरच्या काचेबरोबर बटणांच्या फटी, बॅटरीचा खण, माउंट, सगळीकडे पाणी धरतं. त्यातही कार्ड काढायला झाकण उघडलं तर ओली हवा आत शिरलीच. म्हणून कार्ड हवं असेल तर ते नदीकाठीच काढून खिशात टाका आणि कॅमेरा एका बंद चेनच्या प्लास्टिक पिशवीत घालून मगच घरात आणा. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरेल. कॅमेरा घराच्या तापमानाला आला की काढा.

बाष्प धरलंच तर पुसायची घाई नको. ओली काच पुसली की पाणी पसरतं आणि दोन मिनिटांत पुन्हा धरतं, कारण काच अजून थंडच असते. शिवाय घाटातल्या पहाटेत कापड स्वतःच ओलसर झालेलं असतं. लेन्स हूड लावून, तोंड खाली करून थांबा. गाडीचा गरम हवेचा झोत लेन्सवर मारणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका, आतल्या गोंदाला आणि ग्रीसला अशी एका बाजूची उष्णता सोसत नाही.

बाष्प नेमकं कुठल्या काचेवर आहे तेही बघा. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून लेन्सकडे पाहिलं की कळतं. समोरच्या काचेवर असेल तर थांबणं पुरे. यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर पुष्कळदा फिल्टर आणि लेन्स यांच्या मधल्या फटीत ओल अडकते, ती आपोआप लवकर जात नाही. फिल्टर काढून ठेवा, धुक्यात त्याचा तसाही उपयोग नाही. व्ह्यूफाइंडर धुरकट आणि फोटो स्वच्छ असेल तर तो तुमचा श्वास आहे. तोंडावर मफलर घट्ट गुंडाळलेला असला की श्वास वर व्ह्यूफाइंडरवरच जातो. नाक मोकळं ठेवा, श्वास बाजूला सोडा. आतल्या भिंगांवर ओल दिसली तर मात्र त्या दिवशी ती लेन्स थांबवा. झूम पुढे-मागे केल्याने ती आणखी ओली हवा आत ओढते.

मोकळ्या माळावर ट्रायपॉडवर कॅमेरा लावून बसणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. निरभ्र रात्री गवतावर जसं दहिवर पडतं तसं वर तोंड करून ठेवलेल्या काचेवरही पडतं, कारण उघड्या आकाशाखाली काच आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. मसाई पठारावर पहाटे हे हमखास होतं. वाट बघताना लेन्सवर हूड आणि टोपी दोन्ही ठेवा, नाहीतर वरून हलकं कापड टाका.

हवाच दाट असेल तर

इथे आधी मान्य करायला हवं की धुकं भेदणारी लेन्स नसते. धुक्यातल्या पाण्याच्या थेंबांचा आकार प्रकाशाच्या लहरींपेक्षा इतका मोठा असतो की ते सगळे रंग सारखेच विखुरतात. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. पोलरायझरने (चकाकी कापणाऱ्या फिल्टरने) ते कापलं जात नाही, उलट निम्मा ते पाऊण उजेड खाल्ला जातो. फ्लॅश मारला तर समोरचे थेंबच उजळून निघतात आणि पांढरी भिंत उभी राहते. शिवाय जंगलात प्राण्यावर फ्लॅश मारू नये, ते वेगळंच. मोठी लेन्स घेतली तर प्राणी मोठा दिसतो, पण मधली हवा तेवढीच राहते.

चालतं ते अंतराचं गणित. समजा दृश्यमानता २०० मीटर आहे. म्हणजे २०० मीटरवरच्या काळ्या वस्तूचा आणि मागच्या पांढऱ्याचा फरक जेमतेम २ टक्के उरलाय. १०० मीटरवर हा फरक साधारण १४ टक्के असतो, ५० मीटरवर ३८ आणि २५ मीटरवर ६१. लांबच्या पल्ल्यावर अंतर निम्मं झालं की फोटो दुप्पट बरा होतो असं नाही, त्याहून पुष्कळ जास्त बरा होतो. मात्र याचा अर्थ गव्याच्या दिशेने चालत जायचं असा मुळीच नाही, त्यावर पुढे लिहिलंय. याचा अर्थ असा की दाट धुक्याच्या दिवशी विषय बदलायचा. ज्या दिवशी पन्नास मीटरवरचं दिसत नाही तो दिवस गव्याचा नव्हेच. तो वाटेकडेच्या झुडपावरच्या मलबारी चापड्याचा, कारवीच्या पानावर बसलेल्या बेडकाचा, कोळ्याच्या जाळ्यावर लटकलेल्या थेंबांचा, दहा-बारा मीटरवर ओढ्याच्या दगडावर शीळ घालणाऱ्या शीळकरी कस्तुराचा दिवस. त्याच्या निळ्या खांद्यांचा रंग धुक्याच्या मऊ उजेडात जसा येतो तसा कडक उन्हात कधीच येत नाही. मला विचाराल तर राधानगरीत धुक्याच्या दिवशी गव्यामागे पेट्रोल जाळण्यापेक्षा एका ओढ्याकाठी बसून राहण्यात जास्त फोटो आहेत.

दुसरं, आपल्याकडचं धुकं एक नाही. कोल्हापूर परिसरात किमान दोन तऱ्हा आहेत आणि त्यांची वागणूक वेगळी आहे.

नदीकाठचं हिवाळी धुकं जमिनीच्या गारव्याने तयार होतं. निरभ्र, वारा पडलेली रात्र, उसाची ओली शेतं, पंचगंगा आणि भोगावतीचं हवेपेक्षा उबदार पाणी. प्रयाग चिखलीच्या संगमाकडे किंवा कळंबा तलावावर ते पहाटे सर्वात दाट असतं आणि सूर्य वर आल्यावर तळापासून विरायला लागतं. हे धुकं खाली साचतं. त्यामुळे नदीकाठी काहीच दिसत नसेल तेव्हा जोतिबाच्या डोंगरावर किंवा पन्हाळ्यावर स्वच्छ ऊन असू शकतं. खाली अडकून पडण्यापेक्षा वर गेलात तर मोर, घारी, ससाणे धुक्याच्या समुद्राच्या वरच्या कडेला मिळतात. आणि खालीच थांबायचं असेल तर विरायला लागल्यापासूनचा अर्धा तास सोन्याचा. त्याआधीचे फोटो बहुतेक पांढरेच येणार, त्यात कार्ड भरू नका.

घाटमाथ्यावरचं धुकं म्हणजे मुळात ढग. कोकणातून वारा वर चढतो, हवा गार होते, ढग रस्त्यावर उतरतो. गगनबावड्याला, करूळ आणि भुईबावडा घाटाच्या तोंडाशी, दाजीपूरहून फोंड्याकडे उतरताना हेच धुकं असतं. सूर्य वर आला म्हणून ते जात नाही. ते वाऱ्याबरोबर लाटांनी येतं आणि मध्ये मध्ये फट पडते, कधी दोन मिनिटांची, कधी दहा. इथे फिरत राहून उपयोग नाही. झाड आधी निवडायचं, फोकस आणि एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) आधी लावून ठेवायचं आणि फट पडायची वाट बघायची. राखी धनेशाची जोडी फळाला आलेल्या उंबरावर असेल तर ती फटीपुरती उडून जात नाही, खात बसते. आवाज आधी येतो, पक्षी मागून दिसतो. पावसाळ्यात राधानगरीचं अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं, तेव्हा घाटरस्त्याच्या कडेने, गगनबावड्याला किंवा पन्हाळा-मसाई परिसरात हेच तंत्र वापरा.

तिसरी गोष्ट धुकं नाहीच, पण धुक्यात मिसळते: धूर. गळीत हंगाम सुरू झाला की पाचट पेटवतात, गुऱ्हाळांची धुराडी सुरू होतात आणि गार पहाटे तो धूर वर न जाता धुक्याबरोबर जमिनीलगत पसरतो. फोटोत पांढऱ्याऐवजी पिवळट-तपकिरी छटा दिसली, विशेषतः सूर्याच्या बाजूला, तर तो धूर आहे. व्हाइट बॅलन्सने (रंगाची छटा सुधारणाऱ्या सेटिंगने) छटा कमी होते, मळकटपणा जात नाही. अशा दिवशी वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरका किंवा ऊसपट्टा सोडून पश्चिमेला जा.

उजेडाची दिशाही बघा. सूर्य पाठीशी घेऊन दाट धुक्यात काढलेला फोटो हमखास सपाट येतो. थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात, म्हणून सूर्य समोर किंवा तिरका समोर असला की धुकं पेटल्यासारखं उजळतं आणि प्राण्याचा आकार त्यावर काळा उमटतो. तपशील जातो, पण आकार मिळतो. सांबराची शिंगं, शेकरूची लोंबती शेपटी, धनेशाची चोच, हे आकार एवढे बोलके आहेत की तपशिलावाचून अडत नाही.

कॅमेऱ्याचा हिशेब चुकला असेल तर

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. धुकं पांढरं, मीटर त्याला राखाडी करतो. म्हणून धुक्यात एक्स्पोजर वाढवायचं, हे सगळेच सांगतात. पण 'धुकं म्हणजे प्लस एक', म्हणजे मीटर सांगतो त्याच्या दुप्पट उजेड, असं पाठ केलेल्यांचे गव्याचे फोटो तरीही बिघडतात.

पूर्ण वाढलेला गवा नर जवळजवळ काळा असतो, पावसात भिजला की तुकतुकीत काळा. गुडघ्याखाली पाय पांढुरके, मोजे घातल्यासारखे. दोन शिंगांच्या मध्ये कपाळावर राखाडी-पांढरट उंचवटा, शिंगं बुडाला पिवळट आणि टोकाला काळी. हा प्राणी दूर, फ्रेमच्या एका कोपऱ्यात असेल तर मीटरला मुख्यतः धुकंच दिसतं, तेव्हा प्लस १ बरोबर. तोच गवा मोठ्या लेन्समध्ये पाऊण फ्रेम भरून उभा राहिला की मीटरला काळं दिसतं आणि तो आपणहून उजेड वाढवतो. तुम्ही वर प्लस १ ठेवलेलं असेल तर काळा गवा चिखलाच्या रंगाचा होतो, पांढरे मोजे जळतात (तपशील जाऊन कोरे पांढरे होतात) आणि मागचं धुकं कोरा कागद होतं. तिथे शून्य किंवा उणे ०.७ लागतं. म्हणजे एकाच प्राण्याला, एकाच जागी, पाच मिनिटांत दोन वेगळी सेटिंग्ज. म्हणून माझा आग्रह मॅन्युअल एक्स्पोजरचा आहे. धुक्याचा पांढरेपणा हिस्टोग्रामच्या उजव्या कडेला न टेकेल इतपत लावून घ्या आणि गवा जवळ येवो की लांब जावो, उजेड बदलेपर्यंत हात लावू नका.

झाडाच्या शेंड्यावरचं शेकरू पांढऱ्या आकाशावर असेल तर प्लस १.३ ते २ पर्यंत जावं लागतं, नाहीतर त्याचा तांबूस रंग सगळा काळा पडतो. बगळ्याचं उलट. पांढऱ्या धुक्यात पांढरा पक्षी, तिथे प्लस ०.७ वरून सुरुवात करा, हायलाइटचा इशारा (अति उजळ भाग पडद्यावर लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा आणि पिसांवर लुकलुक दिसली की लगेच कमी करा. पिसं जळली की परत येत नाहीत, आणि आसपासच्या धुक्याहून बगळा वेगळा दिसतो तो त्या पिसांच्या छायेमुळेच.

धुक्याच्या हिस्टोग्राममध्ये डावा भाग रिकामा असतो. तो दोष नाही, तिथे खरंच काळं काही नाही. फोटोला आधार हवा असेल तर फ्रेममध्ये एखादी जवळची गडद वस्तू घ्या, अंजनीची फांदी, ऐनाचं खोड. मग मागचं फिकं मुद्दाम फिकं वाटतं.

फोकस न धरण्याचं कारणही हेच. ऑटोफोकसला उजेड-अंधाराचा फरक लागतो आणि धुक्याने तोच खाल्लेला असतो. सगळे बिंदू कॅमेऱ्यावर सोपवू नका, मधला एकच बिंदू निवडा, आणि तो गव्याच्या कुशीवर न ठेवता जिथे फरक उरलाय तिथे ठेवा. शिंगाची कड आकाशावर, किंवा पांढरा मोजा आणि काळी मांडी जिथे भेटतात ती रेघ. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांचे फोकस बिंदू उभ्या रेघांना लवकर पकडतात, आडव्या रेघेवर अडतात. गव्याची पाठ आडवी असते. कॅमेरा उभा धरून बघा, अनेकदा तेवढ्यानेच फोकस बसतो. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर ते दूरच्या पल्ल्यावर ठेवा, म्हणजे ती जवळच्या थेंबांपर्यंत घरघरत येणार नाही. टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) काढून ठेवा. फोकसला मदत करणारा पुढचा दिवा बंद करा, तो थेंबांवरच पडतो आणि प्राण्याला बिचकवतो. एवढं करूनही घरघर थांबली नाही तर हाताने फोकस, पडद्यावर दृश्य मोठं करून. उभ्या गव्याला तेवढा वेळ मिळतो.

धुक्यात उजेड वाटतो त्याहून कमी असतो. चरणाऱ्या गव्याला १/२५० सेकंदाचा शटर पुरतो, चालत्याला १/५०० हवा, उडत्या धनेशाला १/१६०० च्या खाली जाऊ नका. त्यासाठी आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १६०० ते ६४०० पर्यंत जाईल, जाऊ द्या. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ माहितीच्या फाइलमध्ये, काढा. हललेला फोटो सुधारत नाही, दाणेदार फोटो बराचसा सुधारतो.

मोबाईलवर काढणाऱ्यांसाठी एवढंच की लेन्सवरचा बोटांचा डाग हुबेहूब धुक्यासारखा दिसतो. आधी मऊ सुती कापडाने पुसा, मग पडद्यावर बोट ठेवून एक्स्पोजर लॉक करा आणि वर सरकवून थोडं उजळ करा.

घरी आल्यावर

डीहेझची पट्टी हे शेवटचं औषध आहे, पहिलं नव्हे. ती धुकं काढत नाही, उरलेला फरक ताणून मोठा करते. त्याबरोबर दाणे मोठे होतात, आकाशात पट्टे पडतात आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण काळा ठिपका होऊन वर येतो. १५-२० च्या पुढे सबंध फोटोवर ओढू नका. त्याऐवजी प्राण्यापुरता मास्क करून (फक्त तेवढा भाग निवडून) तिथेच काळा बिंदू थोडा खाली घ्या, धुक्याला हात लावू नका. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला असेल तर सगळे फोटो ५२०० ते ५६०० केल्व्हिनच्या दरम्यान एकाच आकड्यावर आणा, नाहीतर शेजारशेजारचे दोन फोटो एक निळा, एक पिवळा दिसतात. पहाटेचा निळसरपणा मात्र पूर्ण पुसू नका, तो खरा असतो.

अंतराबद्दल, गंभीरपणे

वर अंतराचं गणित मांडलं ते वाचून कुणी पायी पुढे सरकू नये, म्हणून हा परिच्छेद. मोठा नर गवा टनभर वजनाच्या आसपास जातो. धुक्यात तुम्हाला तो दिसत नाही तसे त्यालाही तुम्ही दिसत नाही. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे नसेल तर वासही लागत नाही. अशा वेळी वीस मीटरवर अचानक आमनेसामने आलात तर तो पळेल की धावून येईल हे आधी सांगता येत नाही. गाडीतून उतरू नका, वनखात्याने ठरवलेला मार्ग आणि सोबतचा गाइड सोडू नका. गव्याने मान वर करून फुरफुर केली, अंग आडवं करून दाखवलं, की फोटो थांबवून मागे या. कळपाला रस्ता ओलांडायचा असेल तर मध्ये गाडी घालू नका, शेवटचं वासरू जाईपर्यंत इंजिन बंद ठेवा. गावाच्या शिवारात, उसात गवा दिसला तर तिथे गर्दी करून कॅमेरे रोखणं त्या जनावराच्या जिवावर उठतं. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा लोकांच्या पाठलागाने दमून मेला, ते सगळ्यांनी पाहिलंय.

पुन्हा पुन्हा तोच दुधाळपणा येत असेल तर

जवळच्या टायरचा फोटो कोरड्या, उन्हाच्या दिवशीही धुरकट आला तर बाष्प सोडून द्या, लेन्समध्ये बुरशी धरली असण्याची शक्यता आहे. लेन्स पूर्ण उघड्या छिद्रावर ठेवून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या बारीक धाग्यांसारखी जाळी दिसली की ती बुरशी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंद कपाटातली आर्द्रता सहज ७० टक्क्यांवर राहते आणि चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत ती आणखी साचते. दाजीपूरहून ओली आलेली बॅग तशीच कपाटात गेली की काम झालंच.

ड्राय कॅबिनेट असेल तर काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, त्याहून खाली नेऊ नका. नसेल तर हवाबंद झाकणाचा स्वयंपाकघरातला मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्याने भागतं. दाण्यांचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर, न करपवता, मूळ रंगावर येईपर्यंत परतून घ्या, फक्त तवा स्वयंपाकाचा नको. लेन्स महिनोन्महिने डब्यातच पडून राहू देऊ नका, आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. जाळी दिसलेली लेन्स इतर लेन्सपासून त्याच दिवशी वेगळी करा आणि पावसाळा संपायची वाट न बघता दुरुस्तीला द्या. बुरशी भिंगावरचा लेप खाते, आणि एकदा लेप गेला की नंतर काच कितीही साफ केली तरी त्या जागचा डाग तसाच राहतो.